मॉरिशसची प्रेक्षणीय स्थळे : चारशे वर्षांची पार्श्वभूमी

मॉरिशसच्या सहलीचा कार्यक्रम साधारणपणे दिशांच्या हिशेबाने आखलेला असतो. एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, एक दिवस पूर्वेकडची बेटे आणि उरलेला वेळ समुद्रकिनाऱ्यासाठी, ही विभागणी गाडीच्या आणि बोटीच्या सोयीची असली, तरी तिच्यामुळे या स्थळांचा काळाच्या ओघातला क्रम दिसेनासा होतो. तो क्रम ध्यानात घेणे मॉरिशसच्या बाबतीत विशेष आवश्यक आहे, कारण या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. अरब खलाशांना ते ठाऊक होते, सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजेही तेथे थांबून गेली, पण वस्ती कोणी केली नाही. त्यामुळे आज पर्यटक जे पाहतो, त्यातले डोंगर आणि समुद्र सोडले, तर बाग, घाट, देवळे, उसाचे मळे, इतकेच काय किनाऱ्यावरची सुरूची बनेसुद्धा, गेल्या चारशे वर्षांत कोणीतरी आणलेली, लावलेली किंवा बांधलेली आहेत. ते काम कोणी आणि कोणाच्या श्रमांवर केले, हे कळल्याशिवाय या देखाव्यांचा अर्थ पुरा लागत नाही.

डोंगर आणि समुद्र यांची कथा अर्थातच फार जुनी आहे. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे २,००० किलोमीटरवर असलेले हे बेट ज्वालामुखीच्या उद्रेकांतून निर्माण झाले आणि सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी पाण्याबाहेर आले. त्या प्राचीन ज्वालामुखीच्या कडा झिजत झिजत आजचे ल पूस आणि पिटर बोथ यांसारखे सुळके उरले, तर क्युरपिप गावातले त्रू ओ सेर्फ हे गोल, झाडीने भरलेले विवर पुढच्या काळातल्या उद्रेकाची खूण आहे. बेटाभोवती जवळपास सर्व बाजूंनी प्रवाळभित्ती आहे. मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात आणि आतल्या लगूनचे, म्हणजे भित्ती आणि किनारा यांच्यामधल्या जलाशयाचे, पाणी उथळ, निवळ आणि शांत राहते. मात्र मोठ्या नद्या जेथे समुद्राला मिळतात, तेथे गोड्या पाण्यामुळे आणि गाळामुळे प्रवाळ नीट वाढत नाहीत आणि भित्तीत खिंडारे पडतात. याच खिंडारांतून जहाजे आत येऊ शकली आणि बंदरे त्यांच्या आसऱ्याने वसली. दक्षिणेला ग्री-ग्री येथे भित्तीचे संरक्षण नाही. तेथे लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात. पोहण्यासाठी ती जागा धोक्याची, पण पाहण्यासाठी बेटावरच्या सर्वांत प्रभावी जागांपैकी एक आहे.

सप्टेंबर १५९८ मध्ये डच जहाजे आग्नेयेकडच्या उपसागरात शिरली आणि बेटाला डच राज्यकर्ते प्रिन्स मॉरिस यांचे नाव मिळाले. १६३८ पासून १७१० पर्यंत, मध्ये काही वर्षांचा खंड पडून, डचांनी येथे वसाहत चालवली. त्यांना हवे होते ते काळे, कठीण आणि युरोपात उत्तम भाव मिळणारे एबनीचे लाकूड. जंगलतोडीला तेव्हाच प्रारंभ झाला. १६३९ मध्ये जावाहून ऊस आणि हरणे आणली गेली. सुरुवातीच्या जहाजांबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडेही उतरली. जमिनीवर अंडी घालणाऱ्या आणि उडता न येणाऱ्या डोडो पक्ष्याला या नवागतांपुढे टिकाव धरता आला नाही. तो जिवंत पाहिल्याची शेवटची विश्वासार्ह नोंद १६६२ची मानली जाते. म्हणजे माणसाची वस्ती झाल्यापासून पुरती पंचवीस वर्षेही तो तगला नाही. आज त्याचे चित्र नसलेले दुकान मॉरिशसमध्ये शोधावे लागते. असे चित्र असलेली वस्तू विकत घेताना निदान एवढा इतिहास जवळ असावा, असे मनापासून वाटते.

डच गेल्यावर १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. पोर्ट लुईला खऱ्या अर्थाने बंदराचे आणि राजधानीचे रूप दिले ते १७३५ मध्ये आलेल्या गव्हर्नर माए द ला बूर्दोने यांनी. पाँप्लेमूस येथे त्यांनी घेतलेल्या जागेत भाजीपाला पिकवला जाई. तिचे पुढे जगप्रसिद्ध वनस्पती उद्यान झाले. हे परिवर्तन घडवणारे प्रशासक प्येर प्वाव्र यांचा हेतू मात्र निव्वळ सौंदर्याचा नव्हता. जायफळ आणि लवंग यांच्या व्यापारावर डचांची एकाधिकारशाही होती आणि रोपे बाहेर जाऊ नयेत यासाठी ते कडक पहारा ठेवत. प्वाव्र यांनी माणसे पाठवून आजच्या इंडोनेशियातल्या मोलुकास बेटांवरून ती रोपे चोरून आणवली आणि १७७०च्या सुमारास पाँप्लेमूसच्या मातीत वाढवली. जो पर्यटक आज या उद्यानाकडे निवांत फिरण्याची जागा म्हणून पाहतो, तो प्रत्यक्षात अठराव्या शतकातल्या मसाल्याच्या स्पर्धेच्या एका आघाडीवर उभा असतो.

या उद्यानात सर्वाधिक गर्दी होते ती अ‍ॅमेझॉनच्या महाकाय कमळांच्या लांबट तलावापाशी. त्यांची पाने परातीसारखी, काठ वर वळलेली, मीटरभराहूनही अधिक रुंद असतात, आणि खालच्या बाजूला जाडजूड काटेरी शिरांचे जाळे असते. फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग पाण्याखाली जाते. म्हणून एकाच तलावात दोन्ही रंग दिसले, तरी जात एकच असते. शेजारी तालिपोट ताड आहेत. कित्येक दशके वाढून हा ताड आयुष्यात एकदाच फुलतो आणि त्यानंतर मरतो. १९८८ पासून या उद्यानाला देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव आहे.

फ्रेंच काळातले बंदर, रस्ते, मळे आणि वाडे उभे राहिले ते गुलामांच्या श्रमांवर. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून, काही प्रमाणात भारतातूनही, माणसे धरून आणली जात होती. ऑगस्ट १७४४ मध्ये ईशान्य किनाऱ्याजवळ ‘सँ जेराँ’ हे जहाज प्रवाळावर आपटून फुटले, तेव्हा त्यावर साखर कारखान्याची यंत्रसामग्री होती. पुढे या अपघाताभोवती एक प्रेमकथा रचली गेली, ती युरोपभर वाचली गेली आणि मॉरिशसची रम्य बेट म्हणून जी ख्याती झाली, तिचा पाया घातला गेला. जहाजावर काय लादलेले होते, हे त्या ख्यातीत हरवले.

नैर्ऋत्य टोकाला ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न ब्राबाँ हा डोंगर समुद्रात घुसल्यासारखा उभा आहे. छायाचित्रांत तो हमखास असतो, आणि विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून त्याच्या पायथ्याच्या समुद्रात ‘पाण्याखालचा धबधबा’ दिसतो म्हणून अलीकडे त्याची प्रसिद्धी वाढली आहे. प्रत्यक्षात तो धबधबा नव्हे. लगूनमधली वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर खोल समुद्राच्या उतारावर घसरतात आणि फिकट व गडद निळ्याच्या मिलाफातून पाणी कोसळत असल्याचा भास होतो. या डोंगराचे खरे मोल वेगळेच आहे. मळ्यांवरून पळून गेलेले गुलाम त्याच्या सरळसोट कड्यांवर आणि गुहांत लपून राहत असत. अशा पळालेल्या माणसांना पकडण्यासाठी शिपाई धाडले जात आणि परत सापडलेल्यांना अमानुष शिक्षा होत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. लोककथा सांगते, की ही बातमी देण्यासाठी निघालेली तुकडी डोंगराकडे येताना पाहून वरच्या लोकांना वाटले, आपल्याला धरायलाच आले. आणि पुन्हा बेड्यांत जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. कागदोपत्री पुरावा नसला, तरी ही कथा क्रिओल समाजाने, म्हणजे मुख्यतः या गुलामांच्या वंशजांनी, पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, आणि २००८ मध्ये युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो याच स्मृतीमुळे. १ फेब्रुवारीला देशात सार्वजनिक सुटी असते. निव्वळ किनाऱ्यावरच्या सुंदर पार्श्वभूमीसाठी या डोंगराचा फोटो काढून परतणे हा त्या माणसांवर अन्याय आहे, असे माझे मत आहे.

मुक्ती मिळाली तेव्हा बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होते. ऑगस्ट १८१० मध्ये ग्राँ पोर्टच्या उपसागरातल्या नौदल लढाईत फ्रेंच जिंकले. तिचे नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेले आहे. पण त्याच वर्षअखेरीस ब्रिटिश फौजा उत्तरेला काप मालरो येथे उतरल्या आणि काही दिवसांतच बेट त्यांच्याकडे गेले. लाल छपराच्या चर्चमुळे काप मालरो आज फोटोंसाठी ओळखले जाते.

गुलामगिरी बंद करताना साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली आणि त्यांच्या मालकांना २० लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. उसाला मात्र माणसे हवीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ भारतीय करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढल्या पाऊणशे वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्यांच्या मागून आली. त्यांना उतरवून घेतले जाई तो तळ म्हणजे आजचा आप्रवासी घाट. धक्क्यावरून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या तेथे आहेत. मूळ इमारतींचा थोडाच भाग शिल्लक आहे आणि संपूर्ण वारसास्थळ अर्ध्या एकरापेक्षाही लहान आहे. सहलीच्या कार्यक्रमात त्याला बहुतेक वेळा बाजाराच्या खरेदीआधीची अर्धी घटका मिळते. २००६ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झाले. या मजुरांना एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाण्याचा नियम लागू होता. प्रशासनाने त्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या, पुढे छायाचित्रेही काढली, आणि ही कागदपत्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली असल्याने आजचे मॉरिशसवासी आपल्या पूर्वजांचे गाव शोधू शकतात.

या मजुरांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज गणेश चतुर्थी साजरी करतात, तिला तेथे सार्वजनिक सुटी असते, आणि कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारे ‘झाकरी’ नृत्य त्यांनी टिकवले आहे. रस्त्याने जाताना उसाच्या फडांमध्ये काळ्या दगडांचे उंच, काही ठिकाणी पायऱ्यांसारखे रचलेले ढीग दिसतात. गाडी तेथे थांबत नाही. लाव्हाचे हे दगड जमिनीतून हातांनी उपसून मजुरांनी शेत मोकळे केले. बेटावरची सर्वांत बोलकी स्मारके हीच आहेत.

ग्राँ बासाँ या विवरातल्या तलावाचे तीर्थ होणे हाही याच समाजाच्या जिद्दीचा भाग आहे. १८९७ मध्ये त्रिओले गावचे पुजारी झुम्मन गिरी यांना स्वप्नात या तलावाचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. पुढच्याच वर्षी भाविकांचा पहिला जथा जंगलवाट तुडवत तेथे पोहोचला. १९७२ मध्ये गंगेचे पाणी आणून त्यात ओतले गेले आणि तो गंगा तलाव झाला. आता महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक कावडी घेऊन पायी येतात. १०८ फुटी मंगल महादेवाची मूर्ती २००७ची आहे.

शामारेलची सप्तरंगी माती त्या मानाने थोडक्यात सांगता येईल. ज्वालामुखीच्या बेसॉल्टची झीज होऊन विरघळणारी द्रव्ये पावसाने वाहून गेली आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगे उरली. त्यांच्या प्रमाणानुसार लाल, तपकिरी, जांभळे पट्टे दिसतात. तेथे गवताची काडीही उगवत नाही, याचे कारण हेच आहे. जवळचा धबधबा सुमारे १०० मीटर उंच आहे, आणि पावसानंतर तो मातीपेक्षा अधिक पाहण्याजोगा असतो.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, त्या वर्षी सुमारे १५ हजार पर्यटक आले होते. २०१८ मध्ये हा आकडा १४ लाखांच्या आसपास पोहोचला. या वाढीचा भार किनाऱ्याने पेलला. फ्रेंच काळात संरक्षणासाठी राखून ठेवलेली, भरतीच्या रेषेपासून ८१.२१ मीटर रुंदीची पट्टी आजही सरकारी मालकीची आहे. तिचे भाग हॉटेलांना भाडेपट्ट्याने दिले जातात, भरतीरेषेखालची वाळू मात्र सर्वांची राहते. सार्वजनिक किनाऱ्यांचे क्षेत्र आक्रसत असल्याची स्थानिकांची तक्रार या व्यवस्थेतूनच उद्भवते आणि ती रास्त आहे. बांधकामासाठी लगूनमधून वाळू उपसण्यावर २००१ मध्ये बंदी आली, तोवर बरेच नुकसान झालेले होते.

संरक्षणाची बाजूही नोंदवली पाहिजे. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रल या छोट्या ससाण्याचे केवळ चार पक्षी ज्ञात होते. पिंजऱ्यातल्या पैदाशीने आणि कृत्रिम घरट्यांनी ती जात वाचली, आणि १९९४ मध्ये घोषित झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या दऱ्यांवर आता तो दिसू शकतो. आग्नेयेला माएबूरजवळच्या इल ओ एग्रेत या २६ हेक्टरांच्या बेटावर किनारी जंगलाचा मूळ नमुना राखलेला आहे. नामशेष झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी आल्डाब्राची महाकाय कासवे तेथे सोडली आहेत. ती फळे खातात आणि एबनीच्या बिया पसरवतात.

याच बेटाच्या समोर २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि काही दिवसांनी त्यातून सुमारे एक हजार टन तेल लगूनमध्ये सांडले. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हजारो लोक किनाऱ्यावर आले, त्यांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबलचक तरंगते अडसर शिवले आणि ते पाण्यात सोडले. इल ओ एग्रेतवरचे दुर्मीळ सरडे, पक्षी आणि रोपवाटिकेतली रोपे मुख्य बेटावर हलवण्यात आली. त्या बेटावर आज पर्यटकांना मार्गदर्शकाबरोबरच, ठरलेल्या पायवाटेने आणि लहान गटांत जाता येते.