हरित क्षेत्र नियोजन, उपग्रहाधारित (सोलापूर)

उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरून शहरातील झाडे, गवत, पाणी, इमारती व उघडी जमीन यांचे नकाशे तयार करून बागा, वने, रस्त्याकडेची झाडे आणि मोकळ्या जागा कोठे राखाव्यात व कोठे नव्याने कराव्यात हे ठरविण्याची पद्धत. सुदूर संवेदन, भौगोलिक माहिती प्रणाली आणि नगररचना या तीन शाखा तीत एकत्र येतात. पर्जन्यछायेतील अर्धशुष्क हवामान, बेसाल्टवरील काळी माती, दाट वस्तीच्या जुन्या पेठा आणि १९९२ मध्ये एकदम वाढलेली हद्द यांमुळे या पद्धतीचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही सोलापुरात ठळक दिसतात.

वनस्पती निर्देशांक : नियोजनातील बहुतेक नकाशांचा पाया प्रसामान्यीकृत फरक वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय) हा असतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निकट अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे) मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोन परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले, की उणे १ ते अधिक १ यांमधील अंक मिळतो. दाट पर्णसंभारासाठी तो १ कडे झुकतो, उघड्या जमिनीसाठी शून्याच्या थोडा वर राहतो, तर पाण्यासाठी सहसा ऋण येतो.

या सूत्राचे जनकत्व वादग्रस्त आहे. बरेच पाठ्यग्रंथ ते राउझ, हास, शेल व डीअरिंग यांच्या १९७३-७४ च्या कामाकडे नेतात. टेक्सासमधील या गटाने लँडसॅट-१ या अमेरिकी उपग्रहाच्या (तेव्हाचे नाव ईआरटीएस-१) प्रतिमा वापरून अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांतील गवताचा हिरवेपणा मोजला. दक्षिणोत्तर पसरलेल्या त्या पट्ट्यात सूर्याचा कोन सर्वत्र सारखा नसतो, त्याचा परिणाम कमी व्हावा म्हणून त्यांनी फरकाला बेरजेने भागले. मात्र हेच गुणोत्तर क्रीगलर व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मिशिगनमधील एका परिषदेत मांडलेले आढळते. त्यांचा रोख वनस्पती मोजण्यावर कमी आणि प्रतिमांतील प्रकाशभेद काढून टाकण्यावर अधिक होता. त्याच वर्षी जॉर्डन यांनी वर्षावनातील पर्णक्षेत्र काढण्यासाठी अवरक्त व तांबड्या प्रकाशाचे साधे गुणोत्तर वापरले. त्याला पूर्वसूरी म्हणता येईल, जनक नव्हे. टकर यांच्या १९७९ च्या तौलनिक अभ्यासानंतर निर्देशांक सर्वत्र रुळला. सूत्राचे श्रेय क्रीगलर गटाला आणि वनस्पतिमापनातील उपयोगाचे श्रेय राउझ गटाला देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

सोलापूरच्या दृष्टीने याहून महत्त्वाची दुरुस्ती ह्यूट यांची आहे. वनस्पती विरळ असेल, तर पानांतून दिसणाऱ्या जमिनीचा रंगही निर्देशांकात उतरतो आणि गडद मातीवर तो फिकट मातीपेक्षा जास्त येतो. म्हणजे तेवढेच विरळ गवत काळ्या रानात मुरमाड माळापेक्षा अधिक हिरवे भासते. पाऊस पडून माती ओली झाली, की ती आणखी काळी दिसते आणि चूक वाढते. १९८८ मध्ये ह्यूट यांनी छेदात ०·५ हा स्थिरांक मिळवून मृदा-समायोजित निर्देशांक मांडला. काळ्या मातीच्या प्रदेशात विरळ वनस्पतीसाठी तोच वापरणे योग्य. मूळ निर्देशांकाची तयार उंबरठा-मूल्ये (ज्यांच्या वर जागा हिरवी धरायची ते आकडे) इथे उचलून वापरू नयेत.

प्रतिमा व विभेदन : लँडसॅट-१ हा उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी, तर भारताचा आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही १९८८ चेच. २००८ पासून लँडसॅटच्या प्रतिमा विनामूल्य झाल्या आणि २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेने १० मी. विभेदनाच्या (म्हणजे प्रतिमेतील एक ठिपका, पिक्सेल, जमिनीवर १० मी. बाजूचा चौरस असलेल्या) प्रतिमा खुल्या केल्या. या मालिकेचे दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावर दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात. भारतीय लिस-४ संवेदकाचे विभेदन ५·८ मी. आहे.

या आकड्यांचा जमिनीवरचा अर्थ असा : लँडसॅटचा (३० मी. विभेदन) एक पिक्सेल ९०० चौ.मी., सेंटिनेलचा १०० चौ.मी. आणि लिस-४ चा सुमारे ३४ चौ.मी. आठ मीटर विस्ताराच्या कडुनिंबाची सावली जेमतेम ५० चौ.मी. भरते. पेठेतील बोळात उभे असलेले असे झाड सेंटिनेलच्या पिक्सेलात पत्रे, गच्च्या व डांबर यांच्यात मिसळून जाते. ज्या वस्तीत दर झाडाला मोल आहे, नेमकी तीच वस्ती नकाशात उजाड दिसते. तिथे एक मीटरपेक्षा सूक्ष्म विभेदनाच्या प्रतिमा किंवा प्रत्यक्ष मोजणी यांना पर्याय नाही.

महिन्याची निवड : सोलापूरचा नकाशा कोणत्या महिन्यातील प्रतिमेवरून केला, यावर त्याचे चित्र जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असते. ऑक्टोबरमध्ये माळ, बांध, पडीक भूखंड सगळेच हिरवे दिसतात. डिसेंबर-जानेवारीत हद्दीलगतच्या शेतांत रब्बी ज्वारी उभी असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा गवत व पिके निघून गेलेली असतात आणि उरतात ती झाडे, पाणी दिलेल्या बागा आणि बागायती ऊस. कडुनिंबाने तोवर नवी पालवी धरलेली असल्याने त्याची सावली भरलेली असते. माणसाला सावलीची गरज याच दिवसांत असते, म्हणून सोलापूरसाठी वैशाखातील प्रतिमा मूळ धरावी आणि पावसाळ्यानंतरची प्रतिमा तिच्याशी ताडून पाहावी. दोहोंतील फरकावरून बारमाही व हंगामी हिरवाई वेगळी काढता येते.

उन्हाळ्यातील हिरवा रंगही तपासून घ्यावा लागतो. नाल्यांकाठी आणि पडीक जागी माजलेली वेडी बाभूळ मे महिन्यातही हिरवी असते. निर्देशांकात ती चांगल्या वृक्षराजीसारखी उठून दिसते. प्रत्यक्षात तिच्या काटेरी झाडोऱ्यात पाऊल टाकता येत नाही. शहरातील कंबर तलावासारख्या पाणवठ्यावर जलपर्णी पसरली, की पाण्याची ऋण नोंद धन होते आणि तलावाचा आजार नकाशात हिरवळ म्हणून मोजला जातो. याच्या उलट, शहराच्या उत्तरेस नान्नजच्या बाजूचे माळरान उन्हाळ्यात रिकामे, पडीक म्हणून वर्गीकृत होते. १९७९ मध्ये अभयारण्य झालेला हा माळढोकाचा, काळविटांचा अधिवास आहे. निर्देशांक कमी म्हणून अशा माळावर झाडे लावणे म्हणजे तो अधिवास मोडणे होय, आणि नकाशा वाचणाऱ्याने ही चूक कधीही करू नये.

पृष्ठतापमान : लँडसॅट ८ व ९ वरील औष्णिक संवेदक जमिनीचे तापमान नोंदवितात. त्यांचे मूळ विभेदन १०० मी. असून वितरित प्रतिमांत ते ३० मी. वर आणलेले असते. शहर तापते आणि भोवतालचा प्रदेश गार राहतो, हे समशीतोष्ण देशांतील गृहीत इथे दिवसा बऱ्याचदा लागू पडत नाही. भारतातील कोरड्या भागांत पावसाळ्यापूर्वी नांगरून ठेवलेली उघडी रानेच वस्तीपेक्षा अधिक तापलेली आढळतात. रात्री मात्र दगड-सिमेंट उष्णता धरून ठेवते. लँडसॅट सकाळी साधारण साडेदहाच्या सुमारास जातो. त्या एकाच वेळेच्या नकाशावरून ‘शहर गार आहे’ असा निष्कर्ष काढल्यास पत्र्याच्या घरांत रात्र काढणारे यंत्रमाग व विडी कामगार त्यातून सुटतात.

प्रमाणके : दरडोई ९ चौ.मी. हिरवाई हवी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष म्हणून जगभर उद्धृत होणारा आकडा संघटनेच्या नेमक्या कोणत्या दस्तऐवजातून आला याचा माग लागत नसल्याचे अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. संघटनेच्या युरोपीय कार्यालयाची २०१७ ची शिफारस वेगळ्या धर्तीची आहे : घरापासून ३०० मी. सरळ अंतरात किमान अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हरित जागा असावी. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शिकेत दरडोई १० ते १२ चौ.मी. मोकळी जागा सुचविली आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. दरडोई १० चौ.मी. धरल्यास सुमारे ९·५ चौ.किमी. जागा लागते. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे ३३ वरून १७८ चौ.किमी. वर गेले. वाढीव भागातील शेते व माळ मोजणीत धरल्यास हे प्रमाणक सहज पूर्ण झालेले दिसेल, पण जुन्या पेठेतील मुलाला खेळायला त्याने एक चौरस मीटरही मिळत नाही. म्हणून सोलापुरात दरडोई सरासरीपेक्षा अंतराचा निकष अधिक प्रामाणिक ठरतो.

शहरातील स्थिती : मध्यभागी सिद्धेश्वर तलाव, बहुधा चौदाव्या शतकातील बहमनी काळाचा मानला जाणारा भुईकोट किल्ला आणि त्यालगतची हुतात्मा बाग हा सलग गाभा आहे. दक्षिणेस विजापूर रस्त्याच्या बाजूला कंबर तलाव (धर्मवीर संभाजी तलाव) व वनविहार आहेत. उत्तरेस १८७१ मध्ये आदिला नदीवर बांधलेला एकरुख तलाव आहे. पूर्वेकडील यंत्रमागांच्या वस्त्यांत अशी मोठी जागा नाही. ३०० मीटरची वर्तुळे काढली, की हा असमतोल उघड होतो. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनी, नाल्यांचे काठ आणि शाळांची मैदाने हे इथले शक्य पर्याय होत. नाल्याकाठी माती खोल व ओलसर असल्याने वेडी बाभूळ काढून कडुनिंब, चिंच, करंज, वड लावल्यास नळाच्या पाण्यावरील भार कमी राहतो. उजनीहून शंभराहून अधिक किलोमीटरवरून पाणी आणणाऱ्या शहरात हिरवळीच्या गालिच्यापेक्षा सावलीचे झाड मोलाचे आहे.

कायदेशीर चौकट : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील विकास आराखड्यात बागांची आरक्षणे दाखविली जातात. दहा वर्षांत भूसंपादन न झाल्यास कलम १२७ नुसार मालकाच्या नोटिशीनंतर आरक्षण व्यपगत (रद्द) होऊ शकते. आराखड्यावर हिरवा रंगविलेला भूखंड आणि प्रतिमेत हिरवा दिसणारा भूखंड एकमेकांवर ठेवून पाहिल्यास कोणते आरक्षण केवळ कागदावर आहे हे मुदत संपण्याआधी कळते. या पद्धतीचा सर्वांत व्यवहार्य उपयोग बहुधा हाच आहे. केंद्र शासनाच्या २०१५ च्या अमृत या शहरविकास योजनेत भौगोलिक माहिती प्रणालीवर आधारित आराखड्यांसाठी १ : ४,००० हे प्रमाण ठरविण्यात आले. १९७५ च्या वृक्ष जतन अधिनियमाने दर पाच वर्षांनी वृक्षगणना बंधनकारक केली आहे. तिच्यातील नोंदी अक्षांश-रेखांशांसह घेतल्यास प्रतिमांची पडताळणी होते.

हद्दीबाहेरील कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३०,००० घरांची वसाहत योजण्यात आली असून तिच्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी हस्तांतरित झाली. वसाहतीपूर्वीच्या माळाच्या प्रतिमा उपलब्ध असल्याने तेथे लावलेल्या झाडांपैकी किती जगली व किती सावली धरली हे दर वैशाखात मोजता येते.