तीस-चाळीस शब्दांची अट

स्थलांतरिताला वाचता यायला हवं, ही अट ऐकायला साधी वाटते. पण १८९६ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये तिची वकिली करताना हेन्री कॅबट लॉज यांनी आडपडदा ठेवला नाही. ही अट इटालियन, रशियन, पोलिश, हंगेरियन आणि ग्रीक लोकांना जाचेल, इंग्रज, जर्मन आणि स्कँडिनेव्हियन लोकांना फारशी जाणवणार नाही, हे त्यांनी भाषणातच सांगून टाकलं. कायद्यात कुठल्याही देशाचं नाव नाही, तरी नको ती माणसं आपोआप बाहेर! पाठीशी होती ती हार्वर्डच्या पदवीधरांनी १८९४ मध्ये बॉस्टनला काढलेली स्थलांतर-निर्बंध संघटना. मजुरी पडेल या धास्तीनं कामगार महासंघही पुढे सामील झाला.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हायचं आणि राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर अडकायचं. मार्च १८९७ मध्ये, पायउतार व्हायला दोन दिवस उरले असताना, ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी ते परत पाठवलं. काम शोधणारे लाखभर निरक्षर परवडले, चांगलं लिहिता-वाचता येणारा एक चिथावणीखोर परवडणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९१३ मध्ये टाफ्ट यांनी नकाराधिकार वापरला, १९१५ मध्ये विल्सन यांनी. विल्सन यांचा आक्षेप मला सगळ्यांत नेमका वाटतो: ही परीक्षा माणसाच्या लायकीची नाही, त्याला मिळालेल्या संधीची आहे. १९१७ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा नकार दिला, तेव्हा मात्र काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, दोन तृतीयांश मतांनी तो उलटवला. ५ फेब्रुवारीला कायदा झाला.

सोळा वर्षांवरच्या माणसानं तीस ते चाळीस शब्द वाचून दाखवायचे, भाषा त्याची स्वतःची; हिब्रू आणि यिडिशचा उल्लेख तर कायद्यातच होता. (ऑस्ट्रेलियात १९०१ पासून पन्नास शब्दांचं श्रुतलेखन असे आणि कुठली युरोपीय भाषा घ्यायची ते अधिकारी ठरवी. त्या मानानं हे सरळच.) छापील कार्डांवर बायबलमधले उतारे असत. धार्मिक छळातून पळालेल्यांना, तसंच बायको, आई, आजी आणि पंचावन्न वर्षांवरचे वडील-आजोबा यांना सूट होती.

हिंदुस्थानातून निघालेल्या मजुराला या कार्डाचा उपयोगच नव्हता. त्याच कायद्यानं आशियाचा मोठा पट्टा ‘प्रतिबंधित क्षेत्र’ ठरवला आणि त्यात हिंदुस्थानही आला. विद्यार्थी, प्रवासी अशा काहींना वाट मोकळी होती. मजूर कितीही भाषा वाचो, त्याला दार बंद.

वीस वर्षं भांडून मिळवलेली ही अट निघाली मात्र फुसकी. १९२०-२१ मध्ये आठ लाखांहून जास्त माणसं आली. वाचता येत नाही म्हणून परत गेली जेमतेम दीड हजार. दरम्यान इटलीपासून पोलंडपर्यंत शाळा पोचल्या होत्या. मग १९२१ मध्ये थेट देशनिहाय कोटा आला: १९१० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या तीन टक्के. १९२४ मध्ये तो दोन टक्क्यांवर आणला आणि आधार धरला १८९० च्या जनगणनेचा, म्हणजे इटालियन आणि पोलिश मोठ्या संख्येनं येण्याआधीचा. लॉज तेव्हाही सिनेटमध्येच होते.