पार्श्वभूमी : समविचारी लोकांचे राष्ट्र आणि ‘लोक’ या शब्दाचा घोळ

एका विचाराने बांधलेली मंडळी घरदार सोडून नवी वस्ती उभारायला निघतात, हे जुनेच. १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील समाजवादी कामगार पॅराग्वेत गेले, पण त्यांना वेगळी वसाहत हवी होती, वेगळे राष्ट्र नव्हे. सार्वभौमत्वाची भाषा सुरू झाली ती १९६० नंतर, आणि तीही समुद्रात. कारण जमिनीवर बेवारस जागा जवळजवळ उरलीच नव्हती.

राष्ट्र ठरण्यासाठी १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराच्या चार अटी (कायमचे लोक, ठरलेला प्रदेश, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता) या विषयातल्या सगळ्यांना पाठ असतात. सारी धडपड असते ती ‘प्रदेश’ ही अट पुरी करण्याची. १९६८ मध्ये इटलीच्या रिमिनी शहरासमोर, एड्रियाटिक समुद्रात बांधलेल्या ४०० चौरस मीटरच्या फलाटावर एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचे प्रजासत्ताक जाहीर झाले. इटलीने काही आठवड्यांतच ते ताब्यात घेतले आणि पुढच्या वर्षी सुरुंगाने उडवले. १९७२ मध्ये करविरोधी, सरकारविरोधी विचारांच्या अमेरिकी गटाने प्रशांत महासागरातील मिनर्व्हा प्रवाळखडकांवर वाळू ओतून, भरतीतही कोरडी राहील अशी जागा तयार केली. टोंगा या तिथल्या बेटराष्ट्राने त्याच वर्षी जहाज पाठवून झेंडा उतरवला. ही हकिकत एरवी साहसकथा म्हणून सांगितली जाते. पण टोंगाचे कोळी त्या खडकांवर पिढ्यान् पिढ्या मासेमारीला जात होते, तेव्हा त्या जागेला ‘निर्जन’ कोणाच्या हिशेबाने म्हणायचे?

सगळ्यात जास्त उगाळला गेलेला दाखला मात्र इंग्लंडच्या सफक किनाऱ्यापासून सुमारे ७ सागरी मैलांवरच्या लष्करी बुरुजाचा. दोन पोकळ काँक्रीटचे खांब, वर लोखंडी डेक, दुसऱ्या महायुद्धातले बांधकाम. १९६७ मध्ये तिथे ‘सीलँड’ नावाने स्वातंत्र्य जाहीर झाले. पुढच्या वर्षी जवळच्या बोयाचे (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचे) काम करायला आलेल्या बोटीच्या दिशेने गोळ्या झाडल्याचा खटला इंग्लंडमध्ये चालला आणि हा बुरुज ब्रिटनच्या तेव्हाच्या तीन मैलांच्या सागरी हद्दीबाहेर असल्याने आपला अधिकार चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले. समर्थक आजही याला ‘मान्यता’ म्हणतात. अधिकारक्षेत्र नाकारणे म्हणजे मान्यता देणे नव्हे.

खरा निकाल १९७८ मध्ये जर्मनीतल्या कोलोनला लागला. एका जर्मन नागरिकाचे म्हणणे होते की, या बुरुजाचे नागरिकत्व घेतल्याने आपले जर्मन नागरिकत्व संपले. न्यायालयाने दावा फेटाळला. त्याचे एकच कारण सतत उद्धृत होते : मानवनिर्मित फलाट म्हणजे भूप्रदेश नव्हे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानेही कृत्रिम बेटाला बेटाचा दर्जा नाकारला. ब्रिटनने १९८७ मध्ये आपली हद्द १२ मैलांवर नेली आणि बुरुज तिच्या आत आला.

दुसऱ्या कारणाकडे फारसे कोणी पाहत नाही. न्यायालयाचा रोख असा होता : हे ‘नागरिक’ एकत्र जगण्यासाठी नागरिक झालेले नाहीत. त्यांचे आयुष्य, व्यवसाय, हितसंबंध सगळे बाहेरच आहेत. समान आवडीसाठी जमलेली सैल संघटना म्हणजे राष्ट्राचे लोक नव्हेत; राष्ट्रात माणसे आयुष्याचा सगळाच भार एकमेकांच्या सोबतीने वाहतात. माझ्या मते विचारधारेवर उभ्या राहू पाहणाऱ्या प्रत्येक राष्ट्राला हाच मुद्दा अडवतो. समविचारी सभासद मिळतात; पण म्हातारपण, आजारपण, भांडणे, मुलांच्या शाळा यांसकट एका जागी राहणारे ‘लोक’ मिळत नाहीत.

२०१५ मध्ये क्रोएशिया आणि सर्बियाच्या सीमावादात डॅन्यूबकाठी अधांतरी राहिलेल्या सुमारे ७ चौरस किलोमीटरवर ‘लिबरलँड’ नावाचे असेच राष्ट्र जाहीर झाले. या वेळी जमीन खरी होती. नागरिकत्वासाठी ऑनलाइन अर्जांचा पाऊस पडला. क्रोएशियन पोलिसांनी तिथे पाय रोवू दिला नाही आणि तिथे उभारलेली बांधकामे २०२३ मध्ये पाडली गेली. २०१९ मध्ये थायलंडच्या फुकेतजवळ समुद्रात तरंगत्या घरात राहणाऱ्या जोडप्यावर सार्वभौमत्वाला धोका पोहोचवल्याचा आरोप आला आणि त्यांना पळ काढावा लागला.

दुसरी वाट स्वातंत्र्य न मागता सरकारकडूनच स्वतंत्र कायद्याचा तुकडा मिळवण्याची आहे. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासने २०१३ मध्ये अशा स्वायत्त क्षेत्रांचा कायदा केला, २०२२ मध्ये रद्द केला. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही क्षेत्रे घटनाबाह्य ठरवली. दरम्यान होंडुरासच्याच रोआतान बेटावरच्या अशा एका क्षेत्राच्या गुंतवणूकदारांनी आंतरराष्ट्रीय लवादापुढे सुमारे १,०७७ कोटी डॉलरचा दावा लावला. या क्षेत्राला लागूनच क्रॉफिश रॉक ही मासेमारांची जुनी वस्ती आहे. कायद्यात सक्तीच्या भूसंपादनाची तरतूद असल्याने आपली घरे जातील, ही धास्ती तिथल्या रहिवाशांना होती. नव्या क्षेत्राच्या ‘रहिवाशांत’ मात्र ते मोजलेच गेले नव्हते.