‘नाद खुळा’मधला नाद

रविवारी सकाळी मिसळीचा पहिला घास घेताच आमच्या घरातला शाळकरी नातू उद्गारला, ‘‘आज्जी, मिसळ नाद खुळा झालीया!’’ त्यावर आजींनी पाव खाली ठेवून विचारले, ‘‘आता कुणाचा नाद लागला रं तुला?’’ दोघेही शुद्ध कोल्हापुरी बोलत होते आणि शब्दही एकच होता; तरी आजींना त्यात वाईट संगत ऐकू आली आणि नातवाला मात्र मिसळीचे कौतुक करायचे होते.

संस्कृतात ‘नाद’ म्हणजे ध्वनी, आणि ‘घंटानाद’मध्ये तो अर्थ आजही शाबूत आहे. मराठीत त्याच शब्दाला ध्यास, छंद, व्यसन असे अर्थ चिकटले. सुरांत गुंगून जाणाऱ्याला आपण ‘नादावला’ म्हणतो, आणि ध्वनीकडून ध्यासाकडे जाणारी वाट बहुधा तिथूनच गेली असावी. कुस्तीचा नाद चांगला, पत्त्यांचा नाद वाईट, आणि कुणाच्या ‘नादी लागणे’ तर हमखास वाईट. आजींच्या कानात बसलेला अर्थ हा आहे. वेड लावणारा तो ‘खुळा’ नाद पुढच्या पिढ्यांच्या तोंडी नुसती वाहवा होऊन बसला. एवढ्यावरही हा शब्द थांबलेला नाही. ‘आमचा नाद करायचा नाय’ असे पेठेतला एखादा पोरगा बजावतो, तेव्हा त्यात ध्वनीही नसतो आणि व्यसनही नसते, असते ते फक्त ‘आमच्या वाटेला जाऊ नका’ एवढेच.

अर्थ खरोखर बदलला आहे, याचा भक्कम पुरावा व्याकरणात सापडतो. मिसळ स्त्रीलिंगी असूनही नातू ‘नाद खुळी’ म्हणत नाही. ‘खुळा’ हे विशेषण मुळात ‘नाद’ या पुल्लिंगी नामाचे होते. आता दोन्ही शब्द मिळून एकसंध, न बदलणारा प्रयोग झाला आहे आणि तो मिसळीला, चौकाराला किंवा नव्या गाडीला सारखाच लागतो. बोलणाऱ्याच्या मनात सुटा ‘नाद’ उरलेला नाही, हे त्या न बदललेल्या ‘आ’काराने उघड होते.

हा बदल जितका बोलणाऱ्याच्या तोंडी होतो, तितकाच ऐकणाऱ्याच्या कानातही होतो. लहान मूल शब्दकोश उघडून बोली शिकत नाही, प्रसंगावरून अर्थाचा अंदाज बांधते. ‘या मिसळीचा नाद लई खुळा’ हे वाक्य ‘हिचे वेड लागते’ असेही समजता येते आणि ‘ही उत्तम आहे’ असेही. मोठ्यांनी पहिला अर्थ योजला आणि मुलाने दुसरा उचलला, तरी दोघांपैकी कोणालाही चूक झाल्याचे कळत नाही. त्यात अतिशयोक्तीची धार वापराने बोथट होते, हे वेगळेच. ‘भयंकर सुंदर’ म्हणताना आता कोण भितो? रोज झणझणीत कट ओरपणाऱ्या जिभेला आणखी तिखट लागते, तशी बोलीलाही नव्या जहाल शब्दांची भूक लागते. शिवाय बापाच्या तोंडी बसलेला शब्द पोराला आपल्या टोळीची खूण म्हणून चालत नाही.

मात्र तरुण वेगळे बोलतात म्हणून भाषाच बदलली, असे लगेच म्हणता येत नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लेबॉव्ह यांनी १९६३ साली मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील निरनिराळ्या वयांच्या लोकांच्या उच्चारांची तुलना करून चालू असलेला भाषाबदल दाखवला. ही पद्धत बोलीतल्या टपोरी शब्दांना लावताना जपून राहावे लागते, कारण त्यांतले पुष्कळसे शब्द वयाबरोबर गळून पडतात. शब्द पिढीचा आहे की नुसत्या वयाचा, हे तीच माणसे चाळिशीत काय बोलतात यावरूनच ठरते.

जुना अर्थ नव्यासाठी जागा रिकामी करतोच, असेही नाही. फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली अनेकार्थतेची जी चर्चा केली, तिचा गाभा हाच होता की शब्द जुने आणि नवे अर्थ एकाच वेळी बाळगू शकतो. ‘विषय’ पाहा: प्राचीन ताम्रपटांत तो प्रशासकीय विभाग आहे, संतवाङ्मयात इंद्रियसुख आहे, शाळेत गणित किंवा भूगोल आहे. आमचा नातू दुपारी ‘गणिताचा पेपर हार्ड होता’ म्हणून तोंड पाडून बसतो आणि संध्याकाळी पेठेच्या संघाने गोल मारला की ‘विषय हार्ड!’ म्हणून नाचतो. दोन्ही ‘हार्ड’ त्याच्या डोक्यात सुखाने नांदतात. आजींना ते पटत नाही. त्या दिवशी त्या लग्नातल्या शालूविषयी सांगत होत्या, ‘‘तवाचा लई भारी शालू हाय त्यो.’’ वजनाला तो फार नव्हता.