उतारा कुठला लागणार?

आमच्याकडे ‘उतारा’ दोन तऱ्हेचा. रात्री जास्त झाली की सकाळी घोटभर घेतात तो एक. बाहेरचं लागलं म्हणून भात, लिंबू, कोंबडं ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो दुसरा. (तलाठ्याकडचा तिसरा, त्याची डोकेदुखी निराळी.) पहिल्या दोघांच्या मधोमध एक खरं दुखणं आहे, आणि ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

सकाळी घाम सुटलाय, मळमळतंय, छाती धडधडतेय, हात कापतायत. घरातलं मोठं माणूस म्हणतं, “झोपानदे त्येका, उतारतली.” हळदीच्या रात्री हुर्राक जास्त ढोसलेल्या पाहुण्याबद्दल ते अगदी बरोबर असतं. पण वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस कालपासून एकदम थांबला असेल, तर तेच वाक्य त्याच्या जिवावर बेतू शकतं. पाहुण्याला हँगओव्हर आहे, या दुसऱ्याला विड्रॉवल.

हँगओव्हरचं फार कौतुक नको. यकृत तासाला साधारण एक छोटा पेग, म्हणजे 30 मिली व्हिस्कीएवढी दारू पचवतं, त्याहून घाई त्याला जमत नाही. रक्तातली दारू संपत आली की डोकं ठणकतं, घशाला कोरड पडते, उजेड नकोसा होतो. पाणी, मीठ घातलेली पेज आणि झोप. एका दिवसात माणूस ताळ्यावर येतो.

विड्रॉवल समजायला होडी डोळ्यांसमोर आणा. एका कडेला रोज जड वजन ठेवलं तर खलाशी तोल सांभाळायला दुसऱ्या कडेला सरकून बसतात. दारू मेंदूला मंद करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू महिनोन्‌महिने उलट्या बाजूला जोर लावून बसलेला असतो. एके दिवशी वजन झटकन उचललं की होडी त्याच उलट्या बाजूला कलंडते. त्रास दारूचा नसतोच, ती नसल्याचा असतो.

म्हणून दोघांमधला फरक घड्याळ दाखवतं. हँगओव्हर तासागणिक उतरतो, विड्रॉवल तासागणिक चढतो. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, घालमेल सुरू होते आणि झोप उडते. 12 ते 48 तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांत काहींना भ्रम होतो: ताप, वाढलेलं बीपी, दिवस-रात्रीचं भान नाही, नसलेली माणसं आणि जनावरं दिसतात. याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. वेळेत मिळाले तर बहुतेक वाचतात.

आमच्या वाडीतल्या एका खलाशाने चतुर्थीच्या तोंडावर देवीपुढे नारळ ठेवून सोडली. शनिवारी रात्री शेवटची. रविवारी कपातला चहा बशीत सांडत होता. सगळे म्हणाले, हँगओव्हर. मंगळवारी संध्याकाळी तो अंगावर नसलेले खेकडे ओरबाडून काढू लागला, “आये, ह्यो कुर्ल्यो काढ गो माज्या आंगावरसून!” घरात देवचाराचं, म्हणजे गावच्या राखणदार भुताचं, नाव निघालं आणि तिठ्यावर उतारा गेला. त्यात राखणदारासाठी दारूची क्वार्टरही होती. शेजारच्या आशाताईंनी 108 ला फोन केला म्हणून बरं.

घरी ओळखायला एक प्रश्न पुरतो: सकाळी घेतल्याशिवाय हात थांबतात का? हँगओव्हरवाल्याला बाटलीच्या वासानेच मळमळतं. ज्याची थरथर घोट घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत थांबते, त्याच्या शरीराला दारू लागते आहे. अशाने शपथ जरूर घ्यावी, पण आधी डॉक्टरकडे जाऊन. पूर्वी सोडताना फिट आली असेल तर दाखल होऊनच. (हातभट्टीची पिऊन दुसऱ्या दिवशी नजर धुरकट झाली, तर ते यातलं काहीच नाही. मिथेनॉलची विषबाधा असू शकते, तडक दवाखाना गाठा.)

दवाखान्यात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी गोळी देऊन काही दिवसांत तिचा डोस उतरवत नेतात. सोबत बी-1 जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायामिनचं इंजेक्शन. आपल्याकडे “आधी सलाईन लावा” हा हट्ट फार. पण बी-1 संपलेल्या माणसाला ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून किती वर्षं आणि किती पितो हे लपवू नका. गावात अब्रू जाईल म्हणून बायका ‘ॲसिडिटी’ सांगतात, तिथेच घोटाळा होतो.

आठवड्याभरात थरथर जाते, ओढ जात नाही. त्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका आहेत, 1986 पासून चालणारं पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. जवळ हवं तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. फोनवर बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘नकळत दारू सोडवा’वाल्या पुड्या मात्र आमटीत कालवू नका. त्यात डायसल्फिराम असलं आणि वर माणूस प्यायला, तर बीपी कोसळून जिवाशी खेळ होतो. ते औषध पिणाऱ्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

आमचा खलाशी सहाव्या दिवशी घरी आला. आई अजून म्हणते, तिठ्यावरचा उतारा लागू पडला. तिच्याशी वाद कोण घालणार! ती क्वार्टर दुसऱ्या दिवशी पहाटेच कोणीतरी रिकामी केली होती.