कॉन्सर्ट पियानोवादक

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील रचना सभागृहात श्रोत्यांपुढे, एकट्याने किंवा वाद्यवृंदासह, वाजवणे हाच ज्याचा व्यवसाय आहे असा कलावंत. पियानो हे वाद्य बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये घडवले. मात्र मैफलींवरच नाव आणि पोट दोन्ही चालवणारा वादक १९व्या शतकात पुढे आला. त्या काळी एकाच कार्यक्रमात गायक, व्हायोलिनवादक, वाद्यवृंद असे सगळेच हजेरी लावत. फ्रान्झ लिस्ट यांनी १८३९ मध्ये रोममध्ये संपूर्ण मैफल एकट्याने वाजवली. क्लारा शूमान (१८१९–१८९६) नवव्या वर्षी लाइप्झिगच्या गेवान्डहाउस या संगीतसभागृहात रंगमंचावर आल्या आणि १८९१ पर्यंत जाहीर वादन करत राहिल्या. पतीच्या निधनानंतर मुलांचा संसार त्यांच्या मैफलींवरच उभा होता. स्वरलिपी समोर न ठेवता वाजवण्याचा प्रघात पडला तो मुख्यतः लिस्ट आणि क्लारा शूमान यांच्यामुळे. त्याचे आज अकारण स्तोम माजले आहे. स्व्यातोस्लाव रिख्तर उत्तरायुष्यात अंधारलेल्या सभागृहात छोट्या दिव्याच्या उजेडात स्वरलिपी पाहून वाजवत, त्यांच्या वादनाला त्याने कसलीच उणीव आली नाही.

पियानोची पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. स्वर उमटताक्षणीच विरू लागतो. व्हायोलिनवादक गज ओढून स्वर फुगवू शकतो, गायक मींड घेऊ शकतो. पियानोवर दोन्ही अशक्य. तरीही कसलेल्या हाताखाली पियानो गातो, आणि या कलेचा गाभा हाच आहे. वादक पुढच्या स्वराचा जोर मागच्या स्वराच्या विरत्या आवाजाशी जुळवतो, म्हणजे जोड ऐकू येत नाही. पुढची पट्टी खाली जाईपर्यंत आधीचे बोट उचलत नाही. चार-पाच स्वर एकदम वाजताना धून बहुधा सर्वांत वर, म्हणजे करंगळीकडे असते. हातातल्या सर्वांत दुबळ्या बोटावर सर्वाधिक वजन पेलायचे असते. उजव्या पेडलने सगळ्या तारा मोकळ्या होतात, पण ते कधी अर्धे, कधी केसभरच दाबले जाते. किती दाबायचे हे पाय ठरवत नाही, कान ठरवतो.

बहुतेक वादकांना स्वतःचे वाद्य बरोबर नेता येत नाही. मोठा कॉन्सर्ट पियानो सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि जवळजवळ अर्धा टन वजनाचा असतो. म्हणून गावोगावच्या अनोळखी पियानोशी दुपारच्या सरावातच सूत जमवावे लागते. व्लादिमिर होरोविट्झ आपला पियानो दौऱ्यावर नेत, पण ती चैन फार थोड्यांना परवडते.

कारकिर्दीचे दार अनेकदा स्पर्धेतून उघडते. वॉर्साची शोपाँ स्पर्धा १९२७ मध्ये, तर मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली. शीतयुद्धाच्या ऐन भरात मॉस्कोची ही स्पर्धा पहिल्याच वर्षी अमेरिकेच्या व्हॅन क्लायबर्न यांनी जिंकली. मिळालेली कीर्ती टिकवणे अधिक अवघड. ग्लेन गूल्ड यांना मैफलींचे वातावरणच नकोसे झाले. १९६४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्यांनी रंगमंच कायमचा सोडून ध्वनिमुद्रणाला वाहून घेतले. लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे त्याच सुमारास आपोआप आत वळू लागली. तीसेक वर्षे ते मुख्यतः डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनस्टाइन यांच्यासाठी फ्रेंच संगीतकार रावेल यांनी लिहिलेला कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) त्यांतलाच एक. दीर्घ उपचारांनंतर, २००४ मध्ये, फ्लायशर यांचे दोन्ही हातांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले.