पोस्ट आम्ही टाकू, उत्तर दुकानातूनच गेलं पाहिजे
(आमच्या दुकानदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

तुमच्या दुकानाच्या सोशल मीडियासाठी फोटो काढणं, रील बनवणं, सणावाराला पोस्ट टाकणं ही कामं आमच्यावर सोडा. पण पोस्टखाली कुणी "९ नंबर मिळेल का?" असं विचारलं, तर त्याचं उत्तर दुकानातूनच जायला हवं. तुमच्या फळीवर काय शिल्लक आहे ते आम्हाला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून दिसत नाही. आम्ही अंदाजाने "आहे" म्हणायचं आणि सांगलीहून आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं, त्यापेक्षा आम्ही गप्प बसलेलं बरं.

म्हणून काम हातात घेताना आमचा पहिला प्रश्न असतो: उत्तर कोण देणार? मालक गल्ल्यावर असतात, त्यांना सवड नसते. घरातला मुलगा, सून किंवा काउंटरवरचं एखादं चुणचुणीत पोरगं हे काम झकास करतं. दुपारी एकदा आणि रात्री शटर ओढायच्या आधी एकदा, असं मोबाईल घेऊन बसलं तरी पुष्कळ झालं.

रेट लपवू नका
"रेटसाठी इनबॉक्स करा" हे वाक्य आम्हाला अजिबात आवडत नाही. शेजारचा भाव पाडेल ही भीती आम्हाला कळते, पण महाद्वार रोडवर शेजाऱ्याला तुमचा भाव पोस्ट यायच्या आधीच माहीत असतो. लपून राहतो तो फक्त गिऱ्हाइकापासून. नग बघून रेट ठरत असेल तर "अमुकपासून अमुकपर्यंत" असं लिहा.

उत्तर कसं असावं
समजा, पुण्याच्या एका ताईंना कापशी चप्पल (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) हवी आहे आणि त्यांनी मापाचं विचारलंय. "सर्व साईज उपलब्ध" हे उत्तर नव्हे. असं लिहा:

"नमस्कार ताई. भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा. पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारून घ्या आणि टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा. दोन्ही पायांचं द्या, थोडा फरक असतो. नवीन चामडं सुरुवातीला कडक लागेल, थोडे दिवस घरात वापरा, पायाला बसेल. पावसात घालू नका. भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा."

यात ना ऑफर आहे, ना फुलांचे इमोजी. पण समोर चामड्यातलं कळणारं माणूस बसलंय, हे ताईंना समजतं. कधी "ओरिजिनल आहे का?" असंही विचारतील. "शंभर टक्के ओरिजिनल" तर सगळेच लिहितात. चामडं कुठलं, शिवण हाताची की मशीनची, माल कुठून आला, ते सांगा. माल बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा असेल तर अथणीचा म्हणून सांगा, त्यात कमीपणा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन (जीआय) महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांनाही आहे.

व्हॉट्सॲप
व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे. कॅटलॉग, ठरलेली उत्तरं, दुकान बंद असतानाचा निरोप हे सगळं आम्ही लावून देऊ. ब्रॉडकास्टच्या (एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायच्या) एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप पोचतो. तेव्हा बिल देतानाच विचारा, "नवीन माल आला की कळवू का? आमचा नंबर सेव्ह करून ठेवा." हो म्हणाले तरच यादीत घ्या. न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका, तिथं एकाचा नंबर दोनशे जणांना दिसतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भरही संमतीवरच आहे. आणि रोजचं "शुभ सकाळ" कृपा करून नको.

गर्दी आणि गिऱ्हाईक
जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या. सोशल मीडियावर एवढा गदारोळ झाला की प्राडा कंपनीला त्यामागची भारतीय कारागिरी मान्य करावी लागली. ताकद आहेच या माध्यमाची. पण अशी लाट आपण ठरवून येत नाही, म्हणून "व्हायरल करून देतो" असं आम्ही कुणालाच सांगत नाही.

त्यापेक्षा पावसाळ्यात बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला काळजी लागते, पार्सल निघालं का? ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पाणी येऊन महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी "दुकान सुरू आहे, कुरिअर बंद आहे, पार्सल आमच्याकडे सुरक्षित आहे" एवढी एक ओळ टाका. आम्हाला विचारत बसू नका, फोटोही नको.

गुगलवरचे रिव्ह्यू
सवलत देऊन किंवा पाहुण्यारावळ्यांकडून पाच स्टार गोळा करून देण्याचं काम आम्ही घेत नाही. गुगलच्या नियमात ते बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर त्याच दिवशी, राग उतरल्यावर उत्तर द्या: काय झालं, आता काय करून देताय आणि कुणाला फोन करायचा. चूक त्यांचीच असली तरी उत्तर छोटं ठेवा. ते त्या एकासाठी नसतं, पुढं वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं.

पैसे आणि पासवर्ड
मोठी ऑर्डर देतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितलं तर थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. ओटीपी कुणालाही सांगू नका, आम्हालाही नाही.

पेज, इन्स्टाग्राम आणि गुगलची नोंद आम्ही तुमच्याच नंबरावर आणि ईमेलवर उघडतो, आमच्याकडे फक्त काम करण्यापुरता प्रवेश असतो. उद्या आमचं काम पटलं नाही तर तो प्रवेश काढून टाका. फॉलोअर, फोटो, रिव्ह्यू सगळं तुमच्याकडेच राहील.